भीती वाटली म्हणजे श्रद्धा कमी का? : सांदण दरीतला एक दिवस



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५ आणि ३०

आधी एक कबुली देतो. अठराव्या अध्यायाचं रोजचं चिंतन चालू असताना मी चोविसाव्या श्लोकावरून थेट सव्विसाव्यावर गेलो. पुढे तिसावाही गाळला. दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं, "दादा, मधले दोन राहिले का?" मी 'लिहितो लवकरच' असं उत्तर देऊन सुटलो. खरं सांगायचं तर ते राहिले नव्हते, मी टाळले होते. त्या दोन श्लोकांत माझाच एक दिवस लिहिलेला दिसत होता.

आज पुण्याच्या खोलीतून नाही, भंडाऱ्याच्या घरातून लिहितोय. नवतपा सुरू आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, कूलरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. पण काल संध्याकाळी कारधाच्या पुलावर एक बोलणं झालं आणि आता टाळण्यात अर्थ उरला नाही. म्हणून बसलोय.

पंचविसाव्या श्लोकात भगवंत तामस कर्म कशाला म्हणायचं ते सांगतात. एखादं काम सुरू करताना माणसाने चार गोष्टी बघायला हव्यात. पहिली अनुबंध, म्हणजे याच्या मागून काय काय येईल. दुसरी क्षय, यात काय खर्ची पडेल. तिसरी हिंसा, यात कोणाला इजा होईल. चौथी पौरुष, हे पेलायची ताकद आहे का. या चार गोष्टी न बघता, नुसत्या मोहाने जे सुरू केलं जातं ते तामस.

मला आजवर 'तामस' म्हटलं की दुपारी बारापर्यंत लोळणारा माणूस डोळ्यांसमोर यायचा. मध्यरात्री गाडी काढून, सूर्य उगवायच्या आत डोंगरात पोहोचणारा, पाठीवर सॅक आणि ओठांवर 'हरि हरि' असलेला माणूसही तामस कर्म करत असू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तो माणूस मी.

मे महिन्यातला दुसरा शनिवार. आम्ही सहा जण पुण्याहून सांदण दरीला निघालो. ऑफिसमधले चार मित्र, मी आणि माझा मावसभाऊ. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीत माझ्याकडे आला होता. भंडाऱ्याचा मुलगा, जंगल पाहिलेलं, नदी पाहिलेली, पण सह्याद्री पहिल्यांदाच.

नारायणगाव, संगमनेर, राजूर करत भंडारदऱ्याच्या बाजूने साम्रद गावात पोहोचलो. इथे एक गंमत सांगतो. धाकट्याच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, फोनवर 'भंडारदऱ्याला चाललोय' सांगितलं तर ती म्हणाली, "भंडाऱ्याले येऊन राहिले का रे?" दोन गावांच्या मध्ये अख्खा महाराष्ट्र आहे, नावं मात्र भावंडांसारखी.

पण नुसती नावंच जुळत नाहीत. साम्रदच्या डोक्यावर रतनगड आहे. तिथे प्रवरा उगम पावते. खाली भंडारदऱ्याला १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणात अडते, मग अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते. हो, तेच नेवासे, जिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते. आणि आमची वैनगंगाही वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीलाच मिळते. पहाटेच्या काळोखात मी हे सगळं धाकट्याला उत्साहाने सांगत होतो. तो ऐकत होता. दादा सांगतोय म्हटलं की तो ऐकतोच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सांदण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण दरी म्हणतो तेव्हा रुंद, उघडी खोलगट जागा डोळ्यांसमोर येते. ही तशी नाही. गावापासून थोडं सपाटीवर चालत जायचं आणि अचानक जमिनीला भेग पडलेली दिसते. त्या भेगेत उतरायचं. साधारण दोन किलोमीटर लांबीची ही भेग, दोन्ही बाजूंना शेकडो फूट सरळ कातळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकावीत इतकी अरुंद. मे महिन्याच्या उन्हातही आत गारवा, कारण सूर्य डोक्यावर आल्याशिवाय ऊन तळापर्यंत पोहोचत नाही. दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याला भेग पडली आणि मग दर पावसाळ्यात पाणी ती खोल करत गेलं. आपण ज्या वाटेने चालतो ती माणसाची वाटच नाही, ती पाण्याची वाट आहे. पावसाळ्यात इथे उतरायचं नसतं हे साम्रदमधलं शाळकरी पोरही सांगतं.

आत शिरल्यावर सगळे गप्प झालो. मला तर गाभाऱ्यात आल्यासारखं वाटलं. मोबाईलची रेंज नाही, आवाज नाही, वर आभाळाची एक पट्टी फक्त. मी मनातल्या मनात नाम घेत होतो आणि फार बरं वाटत होतं. तो अनुभव खोटा नव्हता. पुढे जे घडलं त्यामुळे मी तो नाकारणार नाही. पण मन प्रसन्न असणं आणि बुद्धी जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळलं नाही.

वाटेत दोन डोह लागतात. पहिला घोट्याच्या थोडा वर, हसत-खिदळत पार झाला. दुसरा मोठा. त्या दिवशी पाणी कमरेइतकं होतं, थंडगार आणि गढूळ, तळ दिसत नव्हता. गावातला वाटाड्या पुढे गेला, बाकीचेही सॅक डोक्यावर धरून गेले. धाकटा काठावरच थांबला.

"दादा, मी इथंच बसतो. तुम्ही जाऊन या."

"अरे, कमरेइतकं तर पाणी आहे."

"नको ना दादा."

पलीकडून मित्र बघत होते. कोणीतरी फोनवर शूट करत होतं. मला लाज वाटली. माझा भाऊ, माझ्या गावचा, घाबरट ठरतोय म्हणून. आणि मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते गुळगुळीत करून लिहिलं तर या पोस्टला काही अर्थ राहणार नाही. मी मोठ्याने म्हणालो, "रोज आजीबरोबर हरिपाठ म्हणतोस ना? मग भीती कसली? की देवावर विश्वासच नाही?"

दोघे हसले. धाकट्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो पाण्यात उतरला. मधोमध त्याचा पाय दगडावरून घसरला, तो गुडघ्यावर आपटला, पूर्ण पाण्याखाली गेला आणि खोकत वर आला. वाटाड्याने मागे येऊन त्याला हात दिला. गुडघा फुटला होता. मी म्हणालो, "बघ, झालं ना पार?"

तो काही बोलला नाही.

पुढे मोठमोठ्या शिळांवरून चढ-उतार करत अर्धा-पाऊण तास गेलो असू. शेवटच्या टोकाला कडा तुटतो आणि खाली कोकण दिसतं, तिथे पोहोचायची मला घाई झाली होती. एवढ्यात वाटाड्या थांबला. त्याने नाकाने वारा हुंगल्यासारखं केलं, वर पाहिलं आणि म्हणाला, "चला, फिरायचं माघारी."

मी वर पाहिलं. स्वच्छ निळं. "काय झालं? आभाळ तर मोकळं आहे."

तो म्हणाला, "इथनं दिसतंय तेवढंच आभाळ नसतं, दादा. वारा फिरलाय."

मी वाद घातला. टोक वीस मिनिटांवर आहे म्हणालो. 'देव आहे की' असंही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "देव हाये म्हणूनच सांगतोय," आणि मागे वळून चालायला लागला. त्याच्याशिवाय पुढे जायची हिंमत कोणाचीच नव्हती. आम्ही परतलो. दुसऱ्या डोहात वाटाड्याने धाकट्याचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

आता तुम्हाला वाटेल की आम्ही बाहेर पडलो आणि मागे धो-धो पाऊस कोसळला, पाण्याचा लोंढा आला, देवाने वाचवलं. अशी गोष्ट असती तर मी ती त्याच रात्री लिहिली असती. पण तसं काही झालं नाही. लांब डोंगरावर ढग जमले, एकदा-दोनदा गडगडलं, साम्रदमध्ये थेंबही पडला नाही. आम्ही गावात पिठलं-भाकरी खाल्ली आणि मी वाटभर कुरकुरत होतो, "उगाच परत आणलं."

पाऊस आला नाही, हेच माझ्यासाठी बरं झालं असं आता वाटतं. आला असता तर मी एवढंच शिकलो असतो की वाटाड्याचा अंदाज बरोबर निघाला. पुढच्या वेळी अंदाज चुकला की पुन्हा मी मोकळा. पंचविसावा श्लोक नीट वाचा. ज्या कामाचा परिणाम वाईट झाला ते तामस, असं भगवंत म्हणत नाहीत. जे न बघता सुरू केलं ते तामस, असं म्हणतात. दोष बघितलं नाही यात आहे. पुढे काय होतं ते नंतरचं. त्यामुळे पाऊस न पडल्याने वाटाड्या चुकीचा ठरत नाही आणि मी बरोबर ठरत नाही. त्याने बघितलं, मी बघितलं नाही, एवढाच हिशेब.

त्या रात्री पुण्यात परत आल्यावर फोटोंखाली चार ओळी लिहायच्या म्हणून मी अशा अरुंद दऱ्यांची माहिती शोधत बसलो. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली अँटिलोप कॅनियन तुम्ही कॉम्प्युटरच्या वॉलपेपरवर नक्की पाहिली असेल, नारिंगी लाटांसारख्या भिंती आणि वरून येणारा उजेडाचा झोत. तिथला खडक वाळूचा, आपला लाव्हाचा, पण कोरणारा हात एकच. ती नवाहो आदिवासींची जमीन. पर्यटकांनी तिला हरणाच्या नावाने ओळखलं. नवाहो लोक मात्र तिच्या वरच्या भागाला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ 'जिथे पाणी खडकांतून वाहतं ती जागा'. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्याच कॅनियनच्या खालच्या भागात अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. जोराचा पाऊस पडला होता तो तिथे नाही, काही किलोमीटर वर. कोरड्या वाळवंटातून ते पाणी धावत आलं आणि त्या भेगेत शिरलं.

वाचताना काटा आला. तरीही, मंडळी, मी स्वतःशी म्हणालो, 'आपल्याकडे तर काही झालं नाही.' माणूस स्वतःला किती सांभाळून घेतो!

धाकटा दोन दिवसांनी भंडाऱ्याला गेला. नीट बोलून गेला, पाया पडून गेला. त्यानंतर आठवडाभर मी पुढचे श्लोक लिहीत राहिलो, हे दोन सोडून.

गेल्या आठवड्यात मीही घरी आलो. मावशीकडे जेवायला गेलो तेव्हा तिने सहज विचारलं, "काय रे, याले पान्यात उतरवलं म्हनते तू?" रागाने नाही, काळजीने. आणि मग तिने जे सांगितलं ते मला माहीत असायला हवं होतं. खरं तर माहीत होतंच. मी ते त्याच्याशी जोडलं नव्हतं.

ऑगस्ट २०२० चा शेवट. तेव्हा मी पुण्यात होतो. मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत सोडलं गेलं आणि भंडारा शहरात कित्येक वस्त्यांमध्ये पुराचं पाणी शिरलं. मावशीचं घर त्यातच. "आपल्याकडचा पाऊस तं थांबला होता," मावशी सांगत होती, "म्हनून आम्ही निर्धास्त झोपलो. रातच्याला पाय खाली ठेवला तं पानी. लाइट गेलेली. हा नववीत होता. आजीले पाठीवर घेऊन यानंच जिना चढला. कमरेइतकं पानी होतं."

कमरेइतकं.

मी व्हिडिओ कॉलवर तो चिखल पाहिला होता. 'देवाच्या कृपेने सगळे सुखरूप' असा मेसेजही टाकला होता. पण ज्या मुलाने काळोखात, तळ न दिसणाऱ्या गढूळ पाण्यात, आजीला पाठीवर घेऊन पाऊल टाकलं होतं, त्यालाच मी पाच वर्षांनी तसल्याच पाण्याच्या काठावर उभं करून विचारलं की तुझा देवावर विश्वास आहे का.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "भेव वाटते तं वाटू द्या ना रे. त्या राती याले भेव वाटलं म्हनून तं हा जागा होता. नाहीतं सारेच झोपून राहिलो असतो."

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भीती वाटणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं का?

आपल्यापैकी बरेच जण नकळत असंच समजतात. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे आणि तिच्यात पहिलाच गुण अभय. मग वाटतं, घाबरला तो कच्चा भक्त. प्रल्हादाची गोष्ट आठवते. कड्यावरून लोटलं, आगीत बसवलं, तो डगमगला नाही. पण एक गोष्ट बघा. प्रल्हाद स्वतःहून कड्यावर देवाची परीक्षा घ्यायला गेला नव्हता. त्याला लोटलं होतं. आणि त्याने आपल्या सवंगड्यांना कधी कड्याच्या टोकाशी नेऊन 'उडी मार, नारायण झेलेल' असं म्हटलं नाही. गोष्टीत लोटणारा कोण होता ते आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या डोहाच्या काठावर मी स्वतःला प्रल्हादाच्या बाजूचा समजत होतो. होतो मात्र दुसऱ्या बाजूला.

कोणी म्हणेल, कृष्णानेही अर्जुनाला सुरुवातीलाच झापलं की! दुसऱ्या अध्यायात 'हा दुबळेपणा सोड' म्हणाला. बरोबर आहे, हा प्रश्न मलाही पडला. पण अर्जुनासमोर त्याचं कर्तव्य उभं होतं आणि तो त्याला टाळायला कारणं शोधत होता. धाकट्यासमोर कुठलं कर्तव्य होतं? माझी वीकेंडची हौस होती. कर्तव्यातून पळणाऱ्याला खडसावणं आणि आपल्या मजेत न येणाऱ्याला भित्रा म्हणणं, या दोन्हींना एकच शब्द वापरून चालणार नाही.

आणि तोच अर्जुन अकराव्या अध्यायात विश्वरूप बघून खरोखर घाबरतो. तसं कबूल करतो. मन भीतीने व्याकुळ झालंय म्हणतो. तिथे देवाने काय केलं? 'एवढं ज्ञान सांगितलं तरी घाबरतोस?' असं विचारलं नाही. 'घाबरू नकोस' म्हणाला आणि स्वतःचं रूप बदललं. अर्जुनाला पेलेल असं सौम्य रूप घेऊन त्याला धीर दिला. प्रत्यक्ष भगवंत भक्ताच्या भीतीपुढे स्वतः लहान होतात. आणि मी, एका डोहापुढे, माझा प्लॅन बदलायला तयार नव्हतो. 'चल, मी पण इथेच बसतो तुझ्याबरोबर' एवढंच म्हणायचं होतं. सौम्य रूप म्हणजे माझ्यासाठी त्या दिवशी तेवढंच होतं.

तिसाव्या श्लोकात सात्त्विक बुद्धीचं लक्षण सांगितलंय. कुठे पुढे जायचं आणि कुठे परत फिरायचं, काय करायचं आणि काय नाही, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे जी जाणते ती सात्त्विक. म्हणजे गीतेच्या हिशेबात भिण्यासारख्या गोष्टी असतात! त्या ओळखणं हे बुद्धीचं काम आहे आणि त्या ओळखणारी बुद्धी सर्वांत वरच्या दर्जाची. साम्रदच्या त्या वाटाड्याकडे ती होती. त्याला दरीची दहशत नव्हती, तो तिथे अंगणासारखा वावरत होता. पण पाण्याला भ्यायचं हे त्याला ठाऊक होतं. मला दरीतून फक्त बोटभर आभाळ दिसत होतं आणि मी त्यावरून सगळ्या आभाळाबद्दल खात्रीने बोलत होतो. त्याला माहीत होतं की आपल्याला दिसतं त्याच्या पलीकडेही आभाळ आहे. खरं सांगा, यात देवावर विश्वास कोणाचा जास्त?

काल संध्याकाळी धाकट्याला घेऊन कारधाच्या पुलावर गेलो. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमुळे आता इथे उन्हाळ्यातही वैनगंगेत पाणी असतं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. मी त्याला म्हणालो, "सांदणला मी चुकलो. तुला पाण्यात उतरवलं ते चुकलंच, पण ज्या शब्दांत उतरवलं ते जास्त."

तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, भेव तं वाटलंच. पन त्याचं काही नाही. गुडघाही बरा झाला. तू सगळ्यांसमोर हरिपाठाचं काढलं ना, ते लागलं. आता म्हनाले बसलो का मले तोच डोह आठवते. म्हनून तेव्हापासून म्हनतच नाही."

मंडळी, हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मी इथे रोज सकाळी नामाचा महिमा लिहितो. तुमच्यापैकी कितीजण वाचून कळवतात की नामाची गोडी लागली. आणि माझ्याच घरातल्या एका मुलाचं नाम माझ्या एका वाक्याने तुटलं. पंचविसाव्या श्लोकातली 'हिंसा' मी फुटलेल्या गुडघ्यात शोधत होतो. ती तिथे नव्हती.

देवाचं नाव घेऊन एखाद्याला धीर देता येतो, तसंच त्याच नावाने एखाद्याचं तोंडही बंद करता येतं. 'विश्वास ठेव' हे वाक्य आपण किती सहज फेकतो! आजारी माणसाला, नोकरी गेलेल्या मित्राला, लग्नाला घाबरणाऱ्या बहिणीला. बऱ्याचदा त्याचा खरा अर्थ असतो, 'तुझी भीती ऐकायला मला वेळ नाही.' ऐकायचं आपल्याला नसतं आणि हिशेब देवाच्या नावावर टाकतो.

बाराव्या अध्यायात देवाला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं येतात. त्यातला पंधरावा श्लोक मी शंभर वेळा वाचलाय. भीतीपासून मुक्त असणं हे लक्षण त्यात आहेच, पण ते नंतर येतं. श्लोकाची सुरुवात वेगळी आहे: ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही तो. हे पहिलं लक्षण साधेपर्यंत माझ्या निर्भयपणाला फारसा अर्थ नाही, असं मला काल पुलावर उभं असताना वाटलं.

मी धाकट्याला 'हरिपाठ पुन्हा सुरू कर' असं म्हणालो नाही. तेवढी अक्कल आता आली आहे. रात्री आजी नेहमीप्रमाणे देवघरासमोर बसली आणि म्हणू लागली. मी तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळाने तो येऊन दारात टेकला. म्हणाला नाही काही. ऐकत होता की नुसता बसला होता, मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही.

आजचा संकल्प: आज कोणी तुम्हाला 'मला भीती वाटते' असं म्हणालं तर लगेच देवाचं नाव पुढे करू नका. आधी विचारा, "कशाची?" आणि उत्तर पूर्ण ऐका. त्यानंतर दोघांनी मिळून नाम घ्या.

आणि या पावसाळ्यात ट्रेकला जाणार असाल तर एवढं कराच. आपल्याला दिसतं त्यापलीकडेही आभाळ आहे हे लक्षात ठेवा, गावातल्या माणसाने 'फिरा माघारी' म्हटलं की फिरा, आणि आपल्यातला सर्वांत हळू चालणारा जिथे थांबेल तिथे आपला ट्रेक संपला असं समजा. देव टोकावरच भेटतो असं थोडंच आहे!

हे पांडुरंगा, माझ्या तोंडी तुझं नाव असताना त्याने कोणाचं मन दुखावू नये, एवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.